मिरजेतला हिरड्यांचा दवाखाना : आईला घेऊन आठ महिने जातेय, त्याचा अनुभव

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव टाकत नाहीये. तिथल्या डॉक्टर मॅडमनीच सांगितलंय की नेटवर नाव नको, आहेत तेवढे पेशंट नीट बघू देत. मिरजेत आहे, पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही एवढंच लिहिते, कुणाला गरज असेल तर आपल्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांना विचारा की हिरड्यांचे एमडीएस, म्हणजे फक्त हिरड्यांचे खास डॉक्टर, ज्यांना पेरिओ म्हणतात, ते आपल्याकडे कोण आहेत. मला हे असे वेगळे डॉक्टर असतात हेच माहीत नव्हतं, दात म्हणजे दातांचा डॉक्टर एवढंच डोक्यात होतं.

आई ६३ वर्षांची, तासगावजवळ गावात दादाकडे असते. अकरा वर्षं झाली शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. दिवाळीला माझ्याकडे सांगलीला आली आणि चकलीला हातच लावला नाही, म्हणाली पोट भरलंय. मग बघितलं तर शेंगदाणे सुद्धा खलबत्त्यात कुटून खातेय. दुसऱ्या दिवशी अंथरूण काढताना उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग दिसले, एक नाही चार-पाच, जुने धुऊन फिके झालेले पण होते. विचारलं तर म्हणाली अगं हिरड्यातनं येतं रक्त झोपेत, वर्ष झालं, त्याचं काय एवढं. खालचे पुढचे दोन दात जिभेनं हलवून दाखवले तिनं मला, लहान पोर दुधाचा दात दाखवतं तसे, माझ्या पोटात गोळाच आला.

आधी जवळच्याच एका दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही. पाच मिनिटांत तोंड बघून झालं आणि सांगितलं सगळे काढून टाका, कवळी बसवा नाहीतर इम्प्लांट करा, आणि इम्प्लांटचा आकडा असा होता की दादा फोनवर गप्पच झाला. शुगर आहे का, किती आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, एक शब्द विचारला नाही. रिक्षात आई काहीच बोलली नाही, पदराचं टोक तोंडावर धरून बसली होती. माझ्या ऑफिसातल्या एका ताईंनी मिरजेच्या या मॅडमचं नाव सांगितलं म्हणून दुसरं मत घ्यायला गेलो.

तर पहिल्या दिवशी काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तिथेच आहे. तोंड उघडायच्या आधी दोन पानी फॉर्म. शुगर, बीपी, हार्टचं ऑपरेशन किंवा वॉल्व्ह बदललाय का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, तंबाखू-मशेरी-पान, दातांना शेवटचं कधी दाखवलं, बायकांसाठी गरोदर आहात का. आईला लिहायला जमेना म्हणून तिथल्या मुलीनं शेजारी बसून एकेक विचारून भरला. माझ्या आत्याचा वॉल्व्ह बदललाय म्हणून मी सहज विचारलं की हे दातांना कशाला लागतं, तर मॅडम म्हणाल्या अशा पेशंटला दात काढायच्या किंवा हिरड्यांत खोलवर साफ करायच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो, कारण तोंडातले जंतू रक्तात जाऊन त्या वॉल्व्हवर बसू शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि रक्त पातळ करायची गोळी कुणी दातासाठी मनानं बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. आत्याला त्याच रात्री फोन करून सांगितलं हे.

मशेरीचा रकाना आला तेव्हा आईनं 'नाही' म्हणून सांगितलं. खरं तर तिनं पंचवीस-तीस वर्षं लावलीय, मी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास घेतच मोठी झालेय. मी काही बोलायच्या आधी मॅडमनीच तिच्या खालच्या ओठाच्या आतली बाजू बघितली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, मावशी, मशेरी कधी सोडली? आईनं मान खाली घातली आणि म्हणाली सोडली नाही, सकाळची एकदाच लावते. त्यावर ओरडणं नाही, लाज काढणं नाही. म्हणाल्या तुमच्या वेळच्या सगळ्या बायका लावायच्या, पोट साफ होतं म्हणून लावायच्या, पण मावशी मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. मग आरसा हातात देऊन दाखवलं, ओठाच्या आत एक पांढरट सुरकुतलेला चट्टा होता. गालाच्या आतून, जिभेखालून बोट फिरवून सगळं तपासलं, मान चाचपली. चट्टा मऊ आहे, जखम नाही, मशेरी बंद केली की पंधरा दिवसांत बघू, कमी नाही झाला तर तुकडा तपासायला पाठवू असं स्पष्ट सांगितलं. आईनं त्या दिवसापासून लावली नाही. खूप चिडचिड झाली तिची पहिला आठवडा, डोकं दुखायचं, संडासला व्हायचं नाही, पण नाही लावली. चट्टा बऱ्यापैकी गेला, आता दर वेळेला तो बघतातच.

मग मोजमाप. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. एक बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, ती दात आणि हिरडीच्या मधे हलकेच सरकवायची आणि किती आत जातेय ते बघायचं. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. आईचे २४ दात शिल्लक आहेत म्हणजे १४४ आकडे. मॅडम आकडे बोलत होत्या आणि ती मुलगी कागदावर लिहीत होती, "तीन, दोन, तीन, रक्त. पाच, चार, सहा, रक्त." एक ते तीन असेल तर ठीक, चारच्या वर गेलं की तो खिसा झाला, पॉकेट म्हणतात त्याला, आणि पाच-सहाच्या पुढं म्हणजे ब्रश तिथे पोचतच नाही. मी खुर्चीच्या मागे उभी राहून ऐकत होते आणि उजव्या वरच्या दाढेला आल्यावर "सात" ऐकलं तेव्हा समजलं की प्रकरण साधं नाही. शेवटी कागद माझ्या हातात दिला, रक्त आलेल्या प्रत्येक जागी लाल टिंब होतं, अर्ध्याहून जास्त कागद लाल.

मोठा एक्स-रे काढला, ओपीजी, त्यात दातांभोवतीचं हाड किती खाली गेलंय ते पेनानं रेघ मारून दाखवलं. आणि मग म्हणाल्या मी आज काहीच करणार नाही, आधी एचबीए१सी करून आणा, तीन महिन्यांची सरासरी साखर. मला खरं सांगायचं तर तेव्हा राग आला होता. एवढ्या लांबून आलोय, आईचा जिना चढताना गुडघा दुखला, आणि दाताच्या डॉक्टरला साखर कशाला पाहिजे. रिपोर्ट आला ९.४, म्हणजे बराच जास्त.

तेव्हा त्यांनी आम्हाला बसवून जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. हिरड्यांची सूज म्हणजे सतत उघडी असलेली जखम आहे. दुखत नाही म्हणून कळत नाही, पण आईच्या सगळ्या पॉकेटांची आतली बाजू उलगडून एका जागी मांडली तर काडेपेटीएवढी जखम सहज होईल. म्हणाल्या मावशी, एवढी जखम पायाला असती आणि त्यातनं रोज रक्त-पू आला असता तर तुम्ही वर्षभर घरी बसला असता का? डायबेटिसच्या माणसाच्या पायाला साधं खरचटलं तरी आपण घाबरतो आणि तोंडातली जखम तशीच ठेवतो. त्या सुजेतनं जी रसायनं रक्तात मिसळतात त्यांच्यामुळे इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि साखर वाढते, आणि साखर वाढली की जखम भरत नाही, जंतूंशी लढायची ताकद कमी होते, हिरड्या आणखी सुजतात. दोन्ही एकमेकांना ओढत खाली नेतात. हिरड्यांचे उपचार नीट केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सीचा आकडा सरासरी ०.४ च्या आसपासनं कमी होतो असं बऱ्याच अभ्यासांचा मिळून २०२२ साली आलेल्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात आहे, हे त्यांनीच सांगितलं, आणि लगेच हेही सांगितलं की यानं तुमची गोळी सुटेल असं समजू नका, गोळी, खाणं, चालणं हे सगळं हवंच, हे त्याच्या जोडीला. हार्टबद्दल मी विचारलं, कारण व्हॉट्सॲपवर येतं ना की दात घासा हार्ट अटॅक टाळा. तर म्हणाल्या हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त दिसतो हे खरंय, पण दात साफ केले म्हणून अटॅक येणार नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही, तेवढा पुरावा नाही. मला हे फार पटलं, घाबरवून पैसे काढायचे असते तर इथेच काढता आले असते.

अजून एक गोष्ट त्यांनी पकडली जी अकरा वर्षांत कुणाला दिसली नव्हती. आईच्या पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगून गोळ्यासारख्या झाल्या होत्या. मॅडमनी गोळ्यांची पिशवी बघायला मागितली आणि बीपीची अम्लोडिपिन काढून म्हणाल्या हिच्यामुळे काही लोकांच्या हिरड्या वाढतात, सगळ्यांच्या नाही, आणि तोंडात किटण असलं तर जास्तच. पण स्वतः बंद करा म्हणाल्या नाहीत हां. आमच्या शुगरच्या डॉक्टरांच्या नावानं पत्र लिहून दिलं, पॉकेटांचे आकडे, एचबीए१सी, गोळी बदलता येईल का बघा असं सगळं एका पानात. शुगरच्या डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं, गोळी बदलून दिली आणि साखरेच्या गोळ्यांचे डोस पण वाढवले. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले की पेशंटचं किती सोपं होतं, आमचं सगळं आयुष्य एकाचे कागद दुसऱ्याला दाखवण्यात गेलंय आणि कुणी वाचत नाही.

खोल साफसफाई चार वेळेला केली, एका वेळी तोंडाचा एक चतकोर, भूल देऊन. आधी मशीननं वरचं किटण आणि मग बारीक हत्यारांनी हिरडीच्या आत मुळावरचं खरवडून. आवाज येतो खर्र खर्र, दुखत नाही असं आई म्हणाली, फक्त जबडा उघडा ठेवून दमायला होतं. दर वेळी खुर्चीत बसवायच्या आधी बोटातून साखर तपासायचे. उपाशी यायचं नाही, नाष्टा आणि सकाळच्या गोळ्या घेऊनच यायचं. दुसऱ्या वेळी साखर ३१२ आली, आदल्या दिवशी लग्नात जेवली होती, तर चक्क परत पाठवलं, पैसे घेतले नाहीत. तेव्हा तासगावहून एसटीनं आलो ते फुकट गेलं म्हणून दादा वैतागला, पण आता वाटतं बरोबर केलं त्यांनी.

लोक सांगतात ना की दात साफ केले की हलायला लागतात, आमच्या शेजारच्या काकूंनी आईला हेच सांगून घाबरवलं होतं. मॅडमनी साफ केल्यावर निघालेला एक किटणाचा तुकडा कापसावर ठेवून दाखवला, काळपट हिरवा, विटकरीच्या चुऱ्यासारखा, दाताच्या मागे सिमेंट लावल्यासारखा बसला होता. हाड आधीच गेलेलं असतं, दात या दगडाच्या आधारानं उभा असतो, दगड काढला की हलतोय ते जाणवतं एवढंच. आईचे दोन दात मात्र काढावेच लागले, ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. बाकीचे २२ आहेत.

आता घरच्या ब्रशबद्दल, कारण मॅडमचं म्हणणं की माझं काम दहा टक्के, बाकी तुमच्या बाथरूममध्ये. आई बोटानं लाल दंतमंजन लावायची, मशेरी वेगळी. ते खरखरीत मंजन बंद केलं. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट, ट्यूबच्या मागे १००० पीपीएम लिहिलेलं असतं ते बघून घ्यायचं, महागडी कुठली हवी असं नाही. वाटाण्याएवढी पुरे. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवायचा आणि जागच्या जागी बारीक हलवायचा, भांडं घासतो तसा जोर लावायचा नाही. त्यांनी आईचा हात धरून शिकवलं, खरंच हात धरून, आरशासमोर उभं करून, आणि पुढच्या वेळी येताना ब्रश घेऊन या म्हणून सांगितलं आणि परत करून दाखवायला लावलं. रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा, झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या खसाखसा घासलं की झालं, रात्री कोण घासतंय. मी स्वतः या वयात आत्ता सुरू केलंय.

दातांच्या फटीत फिरवायचा छोटा ब्रश असतो, बाटली धुवायच्या ब्रशचं बाळ असतं तसा. वेगवेगळ्या मापाचे येतात, त्यांनी प्रत्येक फटीत घालून माप ठरवलं, आईला दोन मापं लागतात. पहिल्या दिवशी तो बाहेर काढला तर रक्तानं माखलेला, आई म्हणाली नको हे. मॅडम म्हणाल्या रक्त येतंय तिथेच जास्त फिरवायचं, सूज आहे म्हणून येतंय, हळू करा पण सोडू नका. दहाव्या-बाराव्या दिवशी आईनं मला हाक मारून ब्रश दाखवला, पांढरा होता. मी फोटो काढून ठेवलाय त्या ब्रशचा.

कमी-जास्त सांगायचं तर पहिली गोष्ट तो जिना, गुडघेवाल्यांना अवघड आहे, रेलिंग एकाच बाजूला. फोन दुपारी कुणी उचलत नाही. अपॉइंटमेंट असली तरी अर्धा-पाऊण तास धरून चाला, कारण प्रत्येकाला वेळ देतात. रविवारी बंद, त्यामुळे मला दर वेळी हाफ डे टाकावा लागला. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली होती पण आम्ही मनावर घेतली नव्हती, सूज उतरली की हिरड्या आक्रसतात आणि दात लांब दिसायला लागतात, मधे काळ्या फटी दिसतात. आई आरशात बघून हिरमुसली होती. गार पाणी दीड-दोन महिने ठणकायचं, सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दिली त्यानं हळूहळू कमी झालं. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दोन आठवड्यांपुरतंच दिलं होतं, पेस्ट लावल्यावर अर्ध्या तासानं, पण आईला बरं वाटलं म्हणून दादानं अजून एक बाटली आणली आणि दातांवर तपकिरी डाग पडले, ते परत साफ करून घ्यावे लागले. ती चूक आमची.

खर्च लिहिते कारण लोक तेच विचारतात. तपासणी आणि ओपीजी मिळून हजाराच्या आत, चार वेळची खोल साफसफाई प्रत्येकी १८००, दोन दात काढायचे वेगळे, फटीचे ब्रश महिन्याला साधारण दोन-अडीचशे. पहिल्या ठिकाणी सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. बिल दर वेळी छापील मिळालं, पुढच्या वेळी काय करणार आणि किती लागतील ते आधी सांगायचे.

फेब्रुवारीत परत सगळं मोजलं. सातची दाढ चारवर आली होती, बाकी बहुतेक तीन, लाल टिंबं बोटांवर मोजण्याइतकी. एचबीए१सी मार्चमध्ये ८.१ आणि जूनमध्ये ७.६. यात गोळ्यांचा डोस वाढवल्याचा वाटा नक्कीच आहे आणि आई आता चावून भाकरी-कोशिंबीर खाते, आधी मऊ म्हणून दूध-भात, दूध-बिस्कीटच चालायचं, त्याचाही असणार. कशाचा किती ते कुणी सांगू शकणार नाही, मॅडमनी पण सगळं श्रेय घेतलं नाही. अभ्रा मात्र पांढरा आहे.

दर तीन महिन्यांनी बोलावतात, ते चुकवायचं नाही असं ठरवलंय. पुढची तारीख या महिन्याच्या २० ची आहे आणि या वेळी वहिनीला पण नेतेय. तिला पाचवा महिना चालू आहे, ब्रश करताना रक्त येतं म्हणून तिनं रात्रीचा ब्रशच बंद करून टाकला होता आणि दिवस गेलेत म्हणून दाताला हात लावायचा नाही असं गावात सगळे सांगतायत. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या घेऊन या, पोटुशी बाईच्या हिरड्या हार्मोनमुळे जास्त सुजतात, साफ करून घ्यायला हे मधले तीन महिने सगळ्यात चांगले, आणि तिच्या डॉक्टरांचा कागद तेवढा बरोबर आणा. आई म्हणाली मी तिला जिना चढायला सोबत येते, आणि फटीचा ब्रश कसा धरायचा ते मीच दाखवते तिला.